न्यू जर्सीत ५ एकर. सरकारी मदत कुठे मागायची?

मेथीवाली: हंटरडन काउंटीत ५ एकर घेतलेत. मेथी, गवार लावते. पण दर पावसात उतारावरची माती ओढ्यात जाते, बघवत नाही. मदत कोण करतं?

शिवार: यूएसडीएच्या (अमेरिकेचं कृषी खातं) संकेतस्थळावर काउंटी निवडून सर्व्हिस सेंटर, म्हणजे खात्याचं स्थानिक कार्यालय, शोधा. आधी एफएसएकडून (खात्याची शेतकरी सेवा शाखा) फार्म नंबर, म्हणजे शेताचा नोंदणी क्रमांक, घ्या. मग एनआरसीएसचा (खात्याची माती-पाणी जपणारी शाखा) माणूस शेत बघायला येतो, फुकट. माती धुपू नये म्हणून केलेल्या कामाच्या खर्चाचा काही वाटा देणारी त्यांची 'इक्विप' योजना आहे. ताई, कळकळीने सांगतो, करारावर सही होण्याआधी कामाला हात लावू नका. मी घाईने पॉलीटनेल (प्लास्टिकने झाकलेला पिकाचा मांडव) उभारला, अनुदान हुकलं.

मेथीवाली: शेतीला तीनच वर्षं झालीत, चालेल?

बांधावरची: उलट बरंच! १० वर्षांच्या आतल्या नव्या शेतकऱ्यांना खर्चाचा जास्त वाटा मिळतो, निम्मी रक्कम आगाऊही मागता येते.