गाडीत जाणारा वेळ सत्कारणी कसा लावता?

रोजची_फेरी:
नमस्कार मंडळी. नोकरी बदलली आणि रोज जाऊन-येऊन पावणेदोन तास गाडीत जायला लागले. गाडी मीच चालवते, सोबत कुणी नसतं. महिन्याचे २२ दिवस धरले तर साडेअडतीस तास होतात, म्हणजे जवळजवळ कामाचा एक आख्खा आठवडा! हे गणित मांडल्यापासून चैन नाही. गाण्यांचा कंटाळा आलाय. बातम्या ऐकल्या तर पोहोचेपर्यंत डोकं तापतं. मध्यंतरी इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक ऐकायला घेतलं, तर लढाई ऐन रंगात आली असताना माझं वळण चुकलं आणि १२ किलोमीटरचा वळसा पडला. त्या गडबडीत लढाई कोण जिंकलं तेही कळलं नाही.
तुम्ही काय करता? सुट्टीच्या दिवशी नवरा चालवतो, मी शेजारी आणि मुलगा मागे. त्या वेळेसाठीही काही असेल तर सांगा.

जुना_खटारा:
वळणच चुकलं, आणखी काही चुकलं नाही हे नशीब समजा. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद बघितलं की ४४ मीटर आंधळेपणाने. त्यामुळे डोळे किंवा हात मागणारं काहीही बाद.
"कॉल उरकून घेतो" म्हणणारे आता येतीलच, म्हणून आधीच सांगतो. हात मोकळे असले तरी डोकं अडकलेलंच असतं. शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो, समोर ट्रक आडवा आला की तो आपसूक गप्प होतो. फोनवरचा बोलतच राहतो, आणि आपणही भिडेखातर हो-हो करत राहतो.
पुस्तकाचं म्हणाल तर माझा अनुभव असा, की चालवताना नवं पुस्तक ऐकूच नये. मी आधी वाचलेल्या कादंबऱ्या ऐकतो. चौकात पाच वाक्यं निसटली तरी बिघडत नाही, आणि वाचताना घाईने ओलांडलेली वर्णनं आता पूर्ण ऐकावी लागतात. दीडपट वेग वगैरे भानगडीत पडू नका. तो घरी, भांडी घासताना.

भाषावेडी:
नवी भाषा! मी दीड वर्षात गाडीत बसून कामचलाऊ स्पॅनिश शिकले. फक्त ऐकायचा नव्हे, बोलायला लावणारा अभ्यासक्रम घ्या. पॉल पिम्सलर या अमेरिकी भाषातज्ज्ञांनी १९६७ मध्ये उजळणीचं एक वेळापत्रक मांडलं होतं. नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, असं अंतर वाढवत न्यायचं. विसरायच्या बेतात असताना आठवावं लागतं, म्हणून शब्द पक्का बसतो. त्यांच्या नावाचे ध्वनिपाठ याच धर्तीवर आहेत. प्रश्न येतो, मग उत्तरासाठी थोडी जागा, त्यात आपण मोठ्याने बोलायचं. गाडीत कुणी हसायला नसतं हा मोठा फायदा. सिग्नलला शेजारच्या गाडीतले बघतात, बघू देत.
एकच पथ्य: गर्दीच्या टप्प्यात पाठ थांबवायचा. आठवायला जोर लावणं आणि लेन बदलणं एकदम जमत नाही.

गप्प_गप्प:
मी काहीच ऐकत नाही. घरात माणसं, ऑफिसात माणसं, मधली ४० मिनिटं तरी माझी असू देत की. प्रत्येक मिनिटाचं काहीतरी झालंच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

रोजची_फेरी:
@गप्प_गप्प, मुद्दा पटतो, पण मी गप्प बसले की ऑफिसातली भांडणं मनात पुन्हा लढते! बरं, चालवताना एखादी कल्पना सुचली तर कशी टिपता?

जुना_खटारा:
टिपत नाही. दोन-तीन मुद्दे बोटांवर धरून घोकत राहतो. गाडी लावली, इंजिन बंद केलं, की उतरायच्या आधी फोनवर दोन मिनिटं बोलून ठेवतो. रस्ताभर जे टिकत नाही ते बहुधा टिकायच्या लायकीचं नसतं.

मागची_सीट:
सुट्टीच्या प्रवासाबद्दल. शेजारी बसून पुस्तक वाचायचा बेत असेल तर आधी पोटाला विचारा. आतल्या कानाला गाडी हलल्याचं कळतं, डोळ्यांना मात्र पान स्थिर दिसतं. या विसंगतीनेच मळमळतं. मुलांच्या हातात स्क्रीन दिली की हेच होतं. आमच्या गाडीचं सीट कव्हर दोनदा धुतल्यावर आम्ही शहाणे झालो.
आता आम्ही बाहेर बघायला लावणारे खेळ खेळतो. दिसणाऱ्या नंबरप्लेटच्या आकड्यांची बेरीज, किंवा एकाने गोष्टीचं एक वाक्य सांगायचं, पुढचं दुसऱ्याने. नजर लांब राहते, पोट शांत राहतं. शिवाय मुलगा मोठा होत असेल तर एक गंमत सांगते. समोरासमोर बसून जे बोलत नाहीत ते मुलं गाडीत बोलतात, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. फक्त आपण उपदेश सुरू करायचा नाही.

भाषावेडी:
शेवटच्या ओळीला +१. माझ्या लेकीच्या मैत्रिणींची सगळी भांडणं मला गाडीतच कळली आहेत.

रोजची_फेरी:
पाच आठवड्यांनी हजेरी लावतेय. सकाळी भाषेचा पाठ, एकच, ३० मिनिटांचा. त्यानंतरचा रस्ता गर्दीचा, तिथे बंद. निघायच्या आधी सगळं लावून ठेवते, त्यामुळे वाटेत फोनला हात लागत नाही. संध्याकाळचा बेत दोनदा फसला. दमलेली असताना शिकायचं काही शिरत नाही. मग निम्मा रस्ता @गप्प_गप्प यांच्या पद्धतीने आणि उरलेला आधी वाचलेल्या पुस्तकात. मनातली भांडणं पहिली दहा मिनिटं येतात, मग कंटाळून जातात.
मुलाने परवा मागच्या सीटवरून सांगितलं, की त्याला तबल्याचा क्लास सोडायचाय. दोन महिने सांगायचं होतं म्हणे. मी ओठ घट्ट मिटून बसले, नवऱ्यालाही खूण केली.
आणि हो, ते इतिहासाचं पुस्तक घरी बसून पुरं ऐकलं. एवढा वळसा घालून शेवटी तह झाला होता!