ब्लॉकबस्टर्सचा षट्कोनी पट: मापं, प्रश्न आणि बझर

मधमाशी
ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १९८३ ते १९९३ या काळात बॉब होलनेस घ्यायचे तो ब्लॉकबस्टर्स हा क्विझ मराठी प्रश्नांसह उभा करायचा आहे. पटाच्या प्रत्येक खणात एक अक्षर, त्या अक्षराने सुरू होणारं उत्तर बरोबर दिलं की खण आपल्या रंगाचा, आणि पटाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत आपल्या खणांची सलग वाट आधी जोडेल तो जिंकतो; एका बाजूला एकटा, दुसऱ्या बाजूला जोडी. 'बॉब, पी द्या ना' म्हणणारी ती सोळा ते अठरा वर्षांची मुलं आणि एकेक उजळत जाणारा पट, ती मजा दुसऱ्या कुठल्या क्विझमध्ये नाही. चौकोनी खण चालतील का? आणि एकट्याविरुद्ध दोघं हा अन्याय नाही का?

कोनमापक
चौकोन नकोच. चौकोनी जाळीत एका कोपऱ्यावर चार खण भिडतात. दोन पांढरे तिरके, दोन निळे तिरके असे आले की दोघांच्याही वाटा अडतात आणि खेळ लटकतो. षट्कोनात कोपऱ्यावर तीनच खण भेटतात, त्यामुळे पट भरेपर्यंत कुणातरी एकाचीच वाट जुळते. बरोबरी शक्यच नाही, खेळाचा जीव यातच आहे.

उभ्या ५ रांगा, प्रत्येकीत ४ खण, एकूण २०. एकाआड एक रांग अर्ध्या खणाने खाली सरकवा. षट्कोनाची बाजू ६ सेंमी घेतली तर खण १२ सेंमी रुंद आणि १०.४ सेंमी उंच होतो. शेजारच्या रांगांचे मध्य मात्र ९ सेंमीवर ठेवा. बरेच जण खणाच्या रुंदीइतकेच, म्हणजे १२ सेंमी धरतात, मग मधे फटी पडतात आणि कोण कुणाला लागून आहे यावर वाद होतो. पूर्ण पट ४८ × ४६.८ सेंमी, म्हणजे ५० × ५० चा फोमबोर्ड पुरतो. पांढरे आणि निळे तुकडे प्रत्येकी २०, मागे वेल्क्रो.

अन्याय नाही. एकटा पांढरा, तो वरून खाली जातो, त्याला किमान ४ खण लागतात. जोडी निळी, डावीकडून उजवीकडे, किमान ५. जोडीच्या जास्तीच्या डोक्याची किंमत त्या एका खणात वसूल होते.

शब्दकोडं
प्रश्नांकडे दुर्लक्ष करू नका, मराठीत खरी मेहनत तिथेच आहे. ङ, ञ, ण, ळ सरळ वगळा. इ-ई आणि उ-ऊ एकाच खणात घ्या. 'प्रकाश' हा प मध्येच धरायचा, 'क्षितिज' क मध्ये की वेगळ्या क्ष मध्ये, हे खेळाआधी जाहीर करा.

'कोणता श सूर्याभोवती फिरणारा ग्रह आहे?' हा प्रश्न बाद, कारण शुक्र आणि शनी दोन्ही बरोबर. 'कोणता ब सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह आहे?' हा चालतो.

दोन्ही बाजू चुकल्या की त्याच अक्षराचा नवा प्रश्न येतो, म्हणून एका डावाला अक्षरामागे ३, एकूण ६० प्रश्न हवेत. अक्षरागणिक वेगळा गठ्ठा ठेवा, नाहीतर निवेदक कागद चाळत बसतो आणि लय तुटते. पहिलं अक्षर चिठ्ठीने, पुढचं बरोबर उत्तर देणारा निवडतो.

गोल्ड रनला, म्हणजे जिंकलेल्याच्या बक्षिसाच्या फेरीला, ६० सेकंद; त्यातही कडेपासून कडेपर्यंत वाट जोडायची. इथे खणात उत्तराच्या दोन-तीन शब्दांची आद्याक्षरं असतात. चुकला किंवा पास म्हटलं की खण काळा, मग वळसा घालून जायचं. प्रश्न दहा शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर वाचण्यातच मिनिट संपतं.

लालदिवा
बझरसाठी बिनतारी डोअरबेल घेऊ नका. दोघांनी जवळजवळ एकदम दाबलं तर दोन्ही वाजतात, आधी कोण ते कळत नाही. अर्डुइनो युनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घ्या: २, ३, ४ या पिनांवर बटणं, ५, ६, ७ वर एलईडी (प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर), ८ वर निवेदकाचं रिसेट. बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला. पहिलं दाबलेलं सापडलं की रिसेटपर्यंत बाकीची वाचायचीच नाहीत. बटणाच्या पिनांना इनपुट पुलअप (बटण न दाबता पिन अधांतरी राहू न देणारी प्रोग्राममधली सेटिंग) विसरलात तर कुणी हात न लावताही दिवे लागतील. वायर लांब असेल तर ती ग्राउंडच्या वायरीसोबत पिळून न्या.

मधमाशी
जोडीला मिळून एकच बटण आणि एकच दिवा चालेल?

लालदिवा
नको. ज्याने दाबलं त्यानेच, जोडीदाराशी न बोलता उत्तर द्यायचं. एक दिवा ठेवला तर दाबतो एक, उत्तर देतो दुसरा आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.