लिकोसुराच्या मूर्ती: मुखवट्यातली माणसं की पशुमुखी गण?

पाथरवट:
ग्रीसमधल्या आर्केडियात, लिकोसुराला देस्पोइना देवीचं ठाणं होतं. तिथल्या मेगारॉन नावाच्या वास्तूत मातीच्या छोट्या मूर्तींचा ढीगच सापडला. अंगावर माणसाचे पायघोळ कपडे, डोकं मात्र मेंढ्याचं किंवा गाईचं! इ.स. २ऱ्या शतकात तिथे गेलेला ग्रीक प्रवासलेखक पौसानियस सांगतो की आर्केडियन लोक देवीचे गुप्त विधी याच वास्तूत करत. माझ्या मते हे मुखवटे चढवून नाचणारे भक्तच आहेत. दामोफोन या शिल्पकाराने घडवलेल्या देवीच्या संगमरवरी वस्त्रावरही (ते आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे) असेच पशुमुखी नाचताहेत, वाद्यं वाजवताहेत.

मृण्मयी:
अजिबात पटलं नाही. त्याच वस्त्रावरच्या आकृत्यांचे हातपाय बघा, तेही जनावरांचे आहेत. मुखवटा तोंड झाकेल, पावलांचं काय? शिवाय धान्याची देवी दिमीतर घोडी झाली, समुद्रदेव पोसायडन घोडा झाला आणि त्यांच्यापासून देस्पोइना जन्मली, अशी तिथली कथा. अशा देवीचे गण पशुमुखीच असणार.

पाथरवट:
अख्खं कातडं पांघरलं की पंजे आणि खूर आलेच. आणि विधीत मुखवटा वापरल्याचा लेखी पुरावा आर्केडियातच आहे. फेनेओस गावी मोठ्या विधीत पुजारी दिमीतर किदारियाचा, म्हणजे दिमीतर देवीच्याच एका रूपाचा, मुखवटा घालून भूमीखालच्यांना काठ्यांनी बडवायचा. हेही पौसानियसनेच लिहून ठेवलंय.

मृण्मयी:
तिथे एकटा पुजारी, आणि मुखवटा देवीचा. जनावराचा नव्हे! लिकोसुराच्या देवळाचे नियम सांगणारा शिलालेख तर सोनं, काळे-जांभळे कपडे, पायताण, घातलेल्या वेण्या आणि झाकलेलं डोकंसुद्धा आत आणू देत नाही. डोकं झाकायला बंदी असलेल्या जागी मुखवट्यांचा नाच कसा झाला असेल?

ओसरीवरचा:
मृण्मयीताई, ते नियम देवळात येणाऱ्या सर्वांसाठी आहेत. गुप्त विधीतल्या नाचणाऱ्यांना ते जसेच्या तसे लागू होते, हे गृहीत का धरायचं? त्याच लेखात अर्पण करायच्या वस्तूही आहेत: ऑलिव्ह, मधाचं पोळं, पांढरी खसखस, दिवे आणि मूर्ती. म्हणजे मूर्ती वाहणं हा रीतीचाच भाग. स्पार्टाला आर्तेमिस ऑर्थिया देवीच्या ठाण्यात १९०६ ते १९१० च्या उत्खननात मातीचे मुखवटे निघाले, सुरकुतलेल्या भेसूर चेहऱ्यांचे. त्यातले काही तोंडावर बसणारच नाहीत इतके लहान. नाचात वापरलेल्या मुखवट्याची मातीची प्रतिकृती देवीला वाहायची, असाच अर्थ मला तरी लागतो. लिकोसुरालाही तेच घडलं असावं.

मृण्मयी:
स्पार्टाचे मुखवटे कित्येक शतकं आधीचे, आणि तिथे वाहिला तो नुसता मुखवटा. लिकोसुराच्या भाविकांनी वाहिली ती डोक्यापासून पायापर्यंत अख्खी मूर्ती. त्यांना मुखवटा नाही, तो पशुमुखी जीवच देवीपुढे ठेवायचा होता.