मदत हवी आहे: टोमॅटो-मिरचीला थंडी-वारा बाधतोय, कशानं झाकू?

मांद्रेकर: दोन्हींची फुलं गळताहेत. पहाटे गारठा, दुपारी जोराचा वारा. प्लास्टिक घालू का? उद्याच आणायचंय, लवकर सांगा.

कुळागर: कुंडीत की जमिनीत? वारा कुठल्या बाजूनं?

मांद्रेकर: किनाऱ्यालगत, गच्चीवर, ग्रो बॅगेत. पश्चिम पूर्ण मोकळी.

कुळागर: मग थंडीचा विचार सोडा. रात्री 13 अंशांखाली गेलं तर टोमॅटोची फळधारणा बिघडते, किनाऱ्यावर तेवढा पारा उतरत नाही. प्लास्टिक तर नकोच, दुपारी आत भट्टी होईल आणि उरलेली फुलंही जातील. 50 टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) पश्चिमेला उभी बांधा, झाडांपेक्षा हातभर उंच. डोक्यावर नको, ऊन हवं. खांब दीड-दीड मीटरवर, कठड्याला पक्के आवळलेले, कारण वाऱ्यात नेट शिडासारखी ओढते.

चुडत: विकतची नेट कशाला? चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं लावा, फुकटात काम.

कुळागर: घट्ट विणलेलं झाप वारा पूर्ण अडवतं. मग वारा वरून उसळून पलीकडे भोवरा करतो, झाडं तिथेच मोडतात. अर्धा वारा आत यायलाच हवा. शिवाय गच्चीवरून झाप उडालं तर खाली माणसं आहेत.

चुडत: विरळ विणा ना! परसात वर्षानुवर्षं चालतात.

भाजीवाली: त्यापेक्षा तांबडी भाजी (लाल माठ) पेरा. महिन्याभरात काढायला येते, फुलांची काळजीच नाही.

सत्तरीकर: अहो, मिरचीची पानं बघितली का कुणी? कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी कीड. त्याला नेट काय करणार? आणि पाणी कधी देता?

मांद्रेकर: पानं वर वळलीत. पाणी संध्याकाळी एकदा.

सत्तरीकर: म्हणजे फुलकिडेच. लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल, थोडा पातळ साबण. ऊन उतरल्यावर पानांच्या मागून फवारा, आठवड्यानं पुन्हा. पाणी सकाळी द्या, नाहीतर वारा सुटेपर्यंत बॅग कोरडी पडते आणि झाड फुलं टाकतं. मातीवर चार बोटं पेंढा पसरा, खोडाला चिकटवू नका.

कुळागर: हे बरोबर. टोमॅटोला काठीही हवी, सुतळी इंग्रजी आठासारखी सैल बांधा. पानांच्या कडा करपल्या असतील तर तो खारा वारा, सकाळी गोड्या पाण्यानं पानं धुवा.

मांद्रेकर: नेट एकेरी की दुहेरी?

कुळागर: एकेरीच. दुहेरी केली की भिंत झाली. कड दुमडून त्यातून दोरी ओवा, नुसत्या गाठी मारल्या तर तिथूनच फाटते.