नवी गाडी १५ वर्षं टिकवायची आहे, सल्ला हवा

दोन महिन्यांपूर्वी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. पेट्रोल, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा), मॅन्युअल गिअर. आत्तापर्यंत ९०० किमी झालेत. रोजचं ऑफिस जाऊन-येऊन जेमतेम ८ किमी, लांबचा प्रवास क्वचित. ही गाडी मला खरंच १५ वर्षं वापरायची आहे. रनिंग इतकं कमी असेल तर सर्व्हिसिंग वर्षाआड केलं तरी चालतं, असं एका मित्राचं म्हणणं. ज्यांनी एकच गाडी वर्षानुवर्षं चालवली आहे त्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १

अभिनंदन! वर्षाआडचं मात्र मनातून काढून टाका. ४ किमीच्या फेरीत इंजिन ऑइल धड तापतही नाही. इंजिनात जमणारा ओलावा आणि न जळलेलं थोडंफार पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. लांब पल्ल्याला ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साचत राहतं. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत (मॅन्युअलमध्ये) सर्व्हिसिंगचे किमी आणि महिने असे दोन्ही आकडे असतात, त्यातलं जे आधी येईल ते धरायचं. तुमच्या बाबतीत महिनेच आधी येणार. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्याला गाडी काढा, बॅटरीलाही ते मानवतं.

प्रतिसाद २

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन रुळायचा काळ, अजून संपलेला नाही तुमचा. १५०० किमी होईपर्यंत इंजिन फार रेस करू नका, आणि हायवेला लागलात तर तासभर एकाच स्पीडला धरूनही ठेवू नका. स्पीड कमी-जास्त होत राहिला की पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसतात. टायरची हवा गाडी थंड असताना तपासा. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर असतो.

प्रतिसाद ३

माझ्या गाडीला १७ वर्षं झाली, २ लाख १० हजार किमी. इंजिन एकदाही खोललेलं नाही. तरी एका बाबतीत मी चुकलो, ते सांगतो.

एका पावसाळ्यात गाडीत कुबट वास यायला लागला. मॅट उचललं तर खालचं कार्पेट चिंब! दारांची रबरं पाहिली, काचेच्या कडा पाहिल्या, कुठेच काही नाही. शेवटी मेकॅनिकने वायपरखालची प्लास्टिकची पट्टी काढली. आत कुजलेल्या पानांचा काळाकुट्ट लगदा, आणि पाणी निघून जायचं भोक पार बुजलेलं. साचलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरत होतं. तोवर कार्पेटखालच्या पत्र्याला गंज लागला होता. इंजिन दुरुस्त होतं, गंजलेल्या पत्र्याला मात्र पुन्हा पहिल्यासारखं करता येत नाही. गाडी झाडाखाली लावत असाल तर महिन्यातून एकदा तिथे बघाच. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, तीही मोकळी ठेवा.

आणि ब्रेक ऑइल! इंजिन ऑइलचं सगळे विचारतात, याचं कुणी विचारत नाही. ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मग लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल नुसतं आत जातं. मी दर दोन वर्षांनी बदलतो, रनिंग कितीही असो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टर्बोसाठी वेगळं काही करावं लागतं का?

प्रतिसाद १

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच टाका. टर्बोचा शाफ्ट त्याच ऑइलवर फिरतो. जोरात चालवून किंवा चढ चढून आलात तर लगेच बंद करू नका, गाडी उभी करून इंजिन मिनिटभर आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, राहू द्या. एकदम बंद केलीत तर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपतं. रोजच्या ऑफिसच्या फेरीला याची गरज नाही. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस मात्र देऊ नका.

धागाकर्ता

आत्ताच खाली जाऊन टॉर्च लावून वायपरच्या पट्टीपाशी पाहिलं. दोन महिन्यांत मूठभर सुकी पानं निघाली. उद्यापासून गाडी झाडापासून लांब लावतो.