सासूबाईंचा कॅन्सरवरचा काढा, कोणाला अनुभव आहे का?

घोडबंदरची_सून
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमच्या मजल्यावरच्या एका काकांना दोन महिन्यांपूर्वी तोंडाचा कॅन्सर निघाला आणि तेव्हापासून सासूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतलाय. पहाटे उठून मिश्री लावून तोंड धुतलं की उपाशीपोटी लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, मग गव्हांकुराचा रस, मग गुळवेल, रात्री हळद-मिरीचं दूध. बरं एकट्या घेत नाहीत, मला, नवऱ्याला आणि सहावीतल्या पोरालाही पेला धरून उभ्या राहतात. आता कोणीतरी अल्कलाइन पाण्याचं मशीन डोक्यात भरवलंय, किंमत लाखाच्या वर, म्हणे शरीर अल्कलाइन झालं की कॅन्सर जवळ येत नाही. सासरे जेवण झाल्यावर सुपारी चघळत चघळत ईएमआयचा हिशोब करतायत. मला भांडायचं नाहीये हो, बाई जीवापाड करतात सगळ्यांचं. फक्त यातलं ठेवू काय आणि बंद काय करू ते सांगा.

तलावपाळी_वॉकर
पहिलं मशीन कॅन्सल करा. पाणी कसलंही प्या, पोटात गेलं की तिथलं अ‍ॅसिड त्याचं काही शिल्लक ठेवत नाही. आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या मध्येच राहतो, ते काम फुप्फुसं आणि किडन्या फुकटात करतायत, ईएमआय नाही काही नाही.

दुसरं, रसांचं. मी रोज वॉक झाला की बागेबाहेरच्या गाडीवर दुधीचा रस घ्यायचो. एके दिवशी कडूजहर लागला, म्हटलं कडू ते औषधी आणि नाक दाबून संपवला. तासाभरात उलट्या जुलाब, उलटीत रक्त, दोन दिवस अ‍ॅडमिट. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं हे डॉक्टरकडून कळलं. तेव्हा दुधी किसायच्या आधी छोटा तुकडा चाखायचा, कडू निघाला की सरळ कचऱ्यात. आता मी त्या गाडीपुढून मान खाली घालून जातो.

खारघरचा_लॅबवाला
ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. काढा, मशीन सगळं नंतर बघू. मिश्री लावून मग काढा?? अहो मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू! आणि सासऱ्यांची सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी, तिने तंबाखू तर पहिल्या गटात टाकलाच आहे, पण २००४ साली नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू न घालता, त्याच गटात टाकली. पहिला गट म्हणजे यामुळे माणसाला कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा आहे. दारूही तिथेच, आणि २०१५ पासून सॉसेज, बेकन, सलामी पण. फक्त एक घोळ करू नका, गट पुराव्याचा आहे, धोका किती ते त्यातून कळत नाही. म्हणजे एक सॉसेज आणि एक सिगरेट सारखंच असं नाही.

हळद आमटीत घाला, दुधात घाला, खुशाल. त्यात कुरकुमिन असतं पण जेमतेम तीन-चार टक्के आणि तेही अंगाला फारसं लागत नाही, मिरीने शोषण वाढतं एवढं खरं. ‘कॅन्सरच्या पेशी मेल्या’ हे जे फॉरवर्ड येतं ना ते बहुतेक लॅबमधल्या काचेच्या बशीतलं असतं, बशीत पेशी ब्लीचनेही मरतात. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा मात्र आजच थांबवा, पोराचा आधी. त्यात अ‍ॅनोनॅसिन असतं, ते मेंदूच्या पेशींना घातक. कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर पार्किन्सनसारखा एक आजार बराच दिसतो, त्याचा संबंध या झाडाच्या फळाशी आणि पानांच्या चहाशी लावला गेलाय.

आणि सासऱ्यांना एक टेस्ट करायला सांगा. तीन बोटं एकत्र धरून उभी तोंडात जातात का ते बघायचं, सुपारीने तोंड उघडणं कमी झालंय का ते त्यातून कळतं.

वाशीची_लेक
गुळवेलबद्दल मी बोलते. आईची ब्रेस्टची केमो चालू होती, मावशीने प्रेमाने गुळवेलीचा रस सुरू केला, पुढच्या ब्लड टेस्टला लिव्हरचे आकडे वाढलेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, घरी कोणता काढा चालू आहे? तो बंद केला, केमो पंधरा दिवस पुढे गेली, मावशीशी आम्ही अजून त्यावर बोललेलो नाही. तुमच्या शेजारच्या काकांना तरी यातलं काही देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही. काही न्यायचंच असेल तर मऊ भात, अंडं, पनीर असलं न्या, तोंडाच्या ट्रीटमेंटमध्ये वजन फार उतरतं. तिखट नको.

भाकरीवाली_आजी
बाकीच्यांनी बंद काय करायचं ते सांगितलं, मी ठेवायचं सांगते. ज्वारी-नाचणीची भाकरी ठेव. शंभर ग्रॅम पिठात दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, आणि चोथ्याने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो हे काढ्यासारखं हवेतलं नाही, अभ्यास करून सांगितलेलं आहे. भाजी आणि फळं मिळून दिवसाला ४०० ग्रॅम. जांभळी नाक्यावरून पालेभाजी आण, निवडायला सासूबाईंना बसव, हात गुंतलेले राहतील बाईचे. रस काढून चोथा टाकून देतात त्याला काय म्हणावं, फळ चावून खा. आवळाही तसाच खायचा. आणि पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेत दाण्यांना बुरशी धरते, ते दाणे भाजून कूट करू नकोस. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पूर्ण जात नाही आणि ते लिव्हरला वाईट. चहा कपात ओतल्यावर पाच मिनिटं थांब. आमचे हे उकळता चहा बशीत ओतून फुरक्या मारायचे, बशीत निवतो तरी.

घोडबंदरची_सून
सगळ्यांचे खूप आभार. मशीनवाल्याचा डेमो रद्द केला, पोराचा काढा बंद, भाकरीला मात्र पोराने नाक मुरडलंय. मिश्रीचं मी बोलले असते तर महाभारत झालं असतं, म्हणून नातवाला पुढे केलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या मग पोट कसं साफ व्हायचं माझं. डबा अजून कपाटातच आहे.

लॅबवाले दादा, सासऱ्यांची दोनच बोटं गेली. गेले काही महिने ते आमटी पण झोंबते म्हणतायत, सगळे मला म्हणायचे तिखट कमी घाल. शनिवारची डेंटिस्टची वेळ घेतलीये. सुपारीचा अडकित्ता नवऱ्याने ऑफिसच्या बॅगेत घालून नेलाय.