पंचाहत्तरी ओलांडलेल्या वारकऱ्याने आषाढीची वाट पूर्ण चालावी का?

टाळकरी

ज्येष्ठ लागला की माळकऱ्यांच्या घराघरांत हा वाद सुरू होतो. आजोबा म्हणतात, देहात जीव आहे तोवर वारी चुकायची नाही. मुलं म्हणतात, या वर्षी नको. दोघेही मायेपोटीच बोलतात, पण मधली वाट कोणी सांगत नाही.

माझं मत असं आहे की पंचाहत्तरीनंतर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालण्याचा हट्ट सोडावा. वारी मात्र सोडू नये.

कारण माऊलींच्या सोहळ्याच्या वेळापत्रकातच आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला संध्याकाळी आळंदीहून प्रस्थान, नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच मुक्काम आणि एकादशीला पुणे ते सासवड. हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपासचा, सगळ्या वाटेतला सर्वात लांब. त्यात दिवे घाटाची चढण आणि वर उपवास. शरीर अजून चालण्याला सरावलेलं नसतं, तोच सगळ्यात अवघड दिवस पुढे येतो. पुढच्या दोन आठवड्यांत जे वयस्कर आजारी पडतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याचं मूळ या एका दिवसात असतं.

उपाय सोपा आहे. घाटाचा दिवस गाडीने करावा. सासवड ते जेजुरी साधारण 16 किलोमीटर, जेजुरी ते वाल्हे 12, लोणंद ते तरडगाव 8 च्या आसपास. हे टप्पे चालावेत. लोणंद-तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येतो, तिथलं पहिलं उभं रिंगण मिळतं. शेवटी दशमीला वाखरी ते पंढरपूर दिंडीबरोबर चालत जावं. म्हाताऱ्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

एक विनंती आहे. मधले टप्पे दिंडीच्या ट्रकमध्ये सामानावर बसून करू नका. राहुट्या, भांडी, सिलिंडर यांच्यावर धरायला काही नसतं. गाडी वळली की माणूस घसरतो. चालकाशेजारची जागा आधीच ठरवून घ्या, नाहीतर एसटीने पुढच्या मुक्कामाला जा.

वीणेकरी

माऊली, मी तुमच्याशी सहमत नाही. वयाचा आकडा धरून नेम ठरवणं मुळातच चुकीचं आहे. जन्मभर बांधावर चाललेला 78 वर्षांचा शेतकरी दिवे घाट ज्या चालीने चढतो, ती चाल खुर्चीत बसून काम करणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला जमत नाही. दिंडीची चाल मुळातच बेताची असते. अभंगाच्या लयीत पाऊल पडतं, ठरलेल्या जागी विसावा असतो, जेवण वेळेवर मिळतं. ही चाल शेकडो वर्षांत म्हाताऱ्या-कोताऱ्यांना धरूनच घडली आहे.

आणि घरी बसवलेल्या म्हाताऱ्याचं काय होतं, तेही बोला. ज्याचं सगळं वर्ष आषाढीभोवती फिरतं, त्याला जूनमध्ये खाटेवर बसवलं तर तो दिवाळीपर्यंत खचतो. वैशाखात तो माळावर फेऱ्या मारतो, चपला शिवून घेतो, भिशीचे पैसे बाजूला काढतो. त्या तयारीनेच त्याचे गुडघे चालते राहतात.

परीक्षा घ्यायची तर अशी घ्या. वारीच्या दीड-दोन महिने आधी सलग तीन दिवस रोज दहा किलोमीटर चालायला लावा, नेहमीच्या गोळ्या घेऊन, खांद्यावर पडशी घेऊन. एका दिवसाच्या चालण्यावरून काही कळत नाही, पहिल्या दिवशी उत्साहावर कोणीही चालतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहा. घोट्यावर सूज आहे का, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहतो का, रात्री आडवं झाल्यावर धाप लागते का, चालताना छातीत भरून येतं का. यातलं काहीही असलं तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत पायी वारी नाही, मग वय साठ असो की ऐंशी. काहीच नसेल तर पंचाहत्तरीचा माणूस चालू द्या.

औषधी

तीन दिवसांची कसोटी चांगली आहे, मी ती मान्य करतो. पण ती एक गोष्ट पकडत नाही. वाटेवर म्हातारी माणसं चालण्याने पडतात त्यापेक्षा गोळ्यांच्या गोंधळाने जास्त पडतात. तीन गोंधळ नेहमीचे आहेत.

पहिला एकादशीचा. वाटेत दोन एकादशा येतात, एक घाटाच्या दिवशी आणि दुसरी पंढरपुरात. मधुमेहाच्या ज्या गोळ्या स्वादुपिंडातून इन्शुलिन काढायला लावतात, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, त्या पोटात अन्न नसताना घेतल्या की साखर धाडकन खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. बरोबरचे समजतात, चढणीने दमला. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, 108 ला फोन करावा. एकट्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फार कमी. तेव्हा वारीला निघण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, 'उपवासाच्या दिवशी यातली कोणती गोळी घ्यायची नाही?' उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या डबीत ठेवा.

दुसरा गोंधळ लघवीच्या गोळीचा. बीपी किंवा पायांच्या सुजेसाठी दिलेली ही गोळी घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. म्हणून माणसं ती वारीभर परस्पर बंद करतात. आठवड्याभरात पाय सुजतात आणि धाप लागते. गोळी बंद करू नका, तिची वेळ मुक्कामावरच्या सोयीने बदलून मागा.

तिसरा सगळ्यात वाईट. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची, पाणी कमी प्यायचं आणि त्यावर बीपीची गोळी. हे तिन्ही एकत्र आलं की म्हाताऱ्या माणसाची किडनी चार दिवसांत बिघडू शकते. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वरून मलम, शेक, आणि दुसऱ्या दिवशीचा टप्पा गाडीने.

नीराकाठ

ओआरएसने उपवास मोडतो का? आमच्या दिंडीत यावर दर वर्षी वाद होतो.

औषधी

@नीराकाठ, त्यात साखर, मीठ आणि क्षार असतात, धान्य नसतं. साध्या मिठाची अडचण वाटत असेल तर लिंबू, साखर आणि सैंधव चालेल, पण जुलाब झालेल्या माणसाला पुडीचंच द्या. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात टाकायची. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी ओततात, ते पाणी फार तीव्र होतं आणि जुलाब वाढतात.

तुळस

सगळी चर्चा गुडघे आणि गोळ्यांवर चालली आहे. बायकांची अडचण वेगळी आहे.

सत्तरीच्या पुढची बाई पहाटे तीनला उठते, अंधारातच सगळं उरकते आणि मग दिवसभर पाणी पीत नाही, कारण वाटेत जायला आडोसा नसतो. फिरती शौचालयं आता पुष्कळ असतात, पण ती मुक्कामाच्या गावात. टप्प्याच्या मध्यावर काय करायचं? आणि जिथे असतात तिथे उकिडवं बसावं लागतं, चारपाच पायऱ्या चढाव्या लागतात. संधिवाताच्या गुडघ्यांना ते जमत नाही. मग पाणी तोडलं जातं. त्यातून लघवीला जळजळ, ताप, चक्कर. औषधींनी सांगितलेला तिसरा गोंधळ बायकांच्या बाबतीत इथून सुरू होतो.

दिंडीला करता येण्याजोगं आहे. मधे भोक असलेली घडीची खुर्ची बाजारात मिळते, अशा दोन खुर्च्या आणि चार बाजूंनी लावायचं जाड कापड ट्रकमध्ये टाकावं. दुपारच्या विसाव्याला बायकांसाठी ते उभं करायची जबाबदारी एका जोडप्यावर नेमून द्यावी. खर्च एका पंगतीपेक्षा कमी.

वृंदावन डोक्यावर घेण्याबद्दलही सांगते. मानेच्या मणक्यांचं दुखणं असलेल्या बाईने ते मैलोन् मैल घेऊ नये. हाताला मुंग्या येतात आणि खाली पाहता न आल्याने पाय खड्ड्यात जातो. गावात शिरताना आणि आरतीच्या वेळी घ्यावं, एरवी तरुण सुनांकडे द्यावं. सेवा तुटत नाही, उलट पुढच्या पिढीला तिची गोडी लागते.

टाळकऱ्यांचा घाट टाळायचा सल्ला मला पटतो. वीणेकऱ्यांचं म्हणणं पुरुषांच्या बाबतीत खरं असेलही.

वीणेकरी

@तुळस ताई, खुर्चीची सूचना लगेच घेण्यासारखी आहे, हा विचार आमच्याकडून आधीच व्हायला हवा होता. पण घाट टाळण्याला माझा विरोध कायम. ज्याची कसोटी पास झाली, त्याने घाटाच्या दिवशी निर्जळी उपवास करू नये, एवढं पुरे. दर तासाला पाणी, दोन केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा खिचडी पोटभर खाऊन चढू नका, तेलकट अन्नाने घाटात मळमळतं.

अनवाणी चालण्याबद्दल मात्र मी कडक आहे. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेही माणसाने अनवाणी चालायचं नाही, नवस असला तरी. तापलेल्या डांबरावर तळवा भाजतो आणि त्याला कळतही नाही. रथापुढे, आरतीला, रिंगणात चप्पल काढावी. वाटेवर जुने, पायाला बसलेले बूट आणि सुती मोजे. रोज रात्री छोट्या आरशात तळवे पाहावेत. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी गाडी.

विसावा

दिंडीची बाजू कोणीच मांडली नाही. एक म्हातारा मागे राहिला की त्याच्यासाठी दोन तरुण मागे राहतात. त्या दोघांच्या वाट्याची राहुटी दुसऱ्यांना ठोकावी लागते. संध्याकाळी समाजआरतीला दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार हातातला दंड वर करतात, टाळ थांबतात आणि हरवलेल्यांची नावं पुकारली जातात. त्यात वयस्कर किती असतात ते ऐका. गर्दीत कानाला कमी ऐकू येतं, भगव्या पताका सगळ्या सारख्याच दिसतात आणि माणूस दुसऱ्याच दिंडीमागे चालत राहतो.

म्हणून आमचा आग्रह तीन गोष्टींचा. गळ्यात माळेबरोबर ओळखपत्र, त्यावर दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, दिंडीचालकाचा आणि घरचा फोन, मागच्या बाजूला आजार आणि गोळ्या. दुसरं, प्रत्येक वयस्कराला एक ठरलेला जोडीदार, आणि तो घरचा असावा. तिसरं, पुढचा मुक्काम तोंडपाठ. या तीन गोष्टी होत नसतील तर कसोटी पास झालेल्यालाही आम्ही नाही म्हणावं असं मला वाटतं. ऐकायला कठोर आहे, पण अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर दिंडी एकमेकांच्या भरवशावर चालते.

काकडा

मी तिसरंच म्हणतो. वारकऱ्याची सेवा आषाढीच्या त्या तीन आठवड्यांत संपत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांची खरी गरज गावात आहे.

कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत महिनाभर पहाटे काकडा होतो. चाली कोणाला येतात? भूपाळ्या, गौळणी, वासुदेव, आंधळे-पांगळे, प्रत्येकाची चाल वेगळी. मोबाईलवर ऐकून तरुण मुलं एकच चाल सगळ्याला लावतात. ज्या गावात दोन म्हाताऱ्यांनी मुलांना समोर बसवून महिनाभर चाली घोटून घेतल्या, तिथे काकडा टिकला. बाकी ठिकाणी स्पीकरवर वाजतो. सप्ताहातही तेच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, पहारे लावलेले असतात. रात्रीचे पहारे तरुणांना द्या, म्हाताऱ्यांना दिवसा एकेक तास. दोन तास उभं राहिलं की पाय सुजतात आणि खांद्यावरची वीणा पेलवत नाही.

नेम चालू ठेवायचा जुना मार्गही आहे. घरातल्या एकाला चालणं झालं नाही तर मुलगा किंवा नातू त्या घराची वारी करतो. म्हाताऱ्याने त्याला माळ घालावी, रोज हरिपाठाचे 27 अभंग पाठ करून घ्यावेत आणि सत्तरीतच, स्वतःला चालता येत असताना, एक-दोन वर्षं बरोबर न्यावं. अंथरुणाला खिळल्यावर 'आता तू जा' म्हटलं तर तो जातो, पण त्याला दिंडीत कोणी ओळखत नाही आणि दुसऱ्या वर्षी तो येत नाही.

टाळकरी

@काकडा, हे पटलं, पण एक भर घालतो. गावात सेवा आणि पंढरपूर यांतलं एकच निवडायची गरज नाही. आषाढीला पदस्पर्शाची रांग वीस-पंचवीस तासांच्या पुढेही जाते, तिथे म्हाताऱ्या माणसाने उभं राहू नये. मुखदर्शन घ्यावं, नाहीतर नामदेव पायरीला माथा टेकून कळसाचं दर्शन, चंद्रभागेचं स्नान. लाखो वारकरी एवढंच करून परततात आणि त्यांची वारी पूर्ण धरली जाते.

पायांवर डोकं ठेवायचंच असेल तर महिन्याची वारी धरावी. शुद्ध एकादशीला गर्दी असते, पण आषाढीसारखी नाही. द्वादशी सोडून त्रयोदशीला थांबलात तर आणखी सोपं. 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून राज्यात एसटी मोफत आहे, 65 ते 75 ला अर्धं तिकीट. वयाचा पुरावा मूळ प्रतीतला जवळ ठेवा.

@वीणेकरी, घाटाच्या बाबतीत मी अजूनही मागे येत नाही. तुमच्या कसोटीत चढण नाही आणि उपवासही नाही. तिसऱ्या दिवशीचे दहा किलोमीटर उपाशीपोटी आणि टेकडीवर चालायला लावा, मग ज्याचं निभेल त्याला मी हसत घाटात पाठवीन.

वीणेकरी

मान्य. वैशाख वद्य एकादशी त्यासाठी बरोबर पडते, महिनाभर हातात राहतो. तीन दिवसांतला शेवटचा त्या तिथीला धरा. बरोबर पाणी, केळी, साखरेची पुडी आणि जोडीदार असू द्या, आणि ग्लिमेपिराइडवाल्यांनी औषधींचा कागद आधी करून घ्या.

नीराकाठ

इन्शुलिन घेणाऱ्यांचं राहिलं. राहुटीत फ्रीज नसतो.

औषधी

वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर फ्रीजबाहेर चालते, पण पंचवीस-तीस अंशांच्या आत. छोट्या मातीच्या मडक्यात थोडं पाणी, त्यात झाकण घट्ट लावलेला डबा, डब्यात कुपी, मडक्यावर ओलं फडकं. मडकं ट्रकमध्ये सावलीला ठेवायचं, टपावर नाही. बर्फात ठेवू नका, गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर जसं होतं तसंच दिसलं तरी निकामी झालेलं असतं. आणि एकादशीला किती युनिट घ्यायचे, ते त्याच कागदावर लिहून घ्या.